साधनेसाठी एकांत शोधताना

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी सत्तेचाळीस वर्षांची असून भांडुपला राहते आणि महापालिकेच्या शाळेत शिकवते. घरी पती, सासूबाई आणि नुकताच बारावीच्या परीक्षेतून मोकळा झालेला मुलगा आहे. दादरला एका वयोवृद्ध शिक्षकांकडे मी बरीच वर्षे प्राणायाम आणि ध्यान शिकले. ते वारल्यानंतर व्हिडिओ पाहून पुढचा अभ्यास करते. नाडीशोधन (आलटून-पालटून एकेका नाकपुडीने श्वास), भस्त्रिका (भात्यासारखे जलद श्वसन) आणि कुंभक (श्वास रोखून धरणे) यांच्या जोडीला ची कुंग या चिनी पद्धतीतली एक क्रियाही करते. त्यात ऊर्जा कण्यातून वर नेऊन शरीराच्या पुढच्या बाजूने खाली उतरवायची असते. गेल्या काही महिन्यांपासून पाठीत एकदम ऊब चढते, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, झोप जेमतेम चार तास लागते, पण थकवा मुळीच वाटत नाही. रात्रीचे जेवण मी सोडले आहे. आमच्या दोन खोल्यांत कुकर, टीव्ही आणि येणीजाणी यांतून सलग अर्धा तासही मिळत नाही, म्हणून मेच्या सुट्टीत तीन आठवडे एकांतात राहून साधना करावी अशी तीव्र इच्छा आहे. कर्जतजवळ एकवीस दिवसांचे कुंडलिनी (कण्याच्या तळाशी सुप्त असते असे मानलेली शक्ती) जागृतीचे निवासी शिबिर आहे. शुल्क ६५,००० रुपये, त्यापैकी १०,००० आगाऊ. दुसरा पर्याय म्हणजे मुरबाडजवळचे एका मैत्रिणीचे रिकामे फार्महाऊस, जिथे फक्त राखणदार असतो. पती म्हणतात, घरातच दार लावून बस. मुंबईजवळ साधनेला योग्य अशी जागा कोणती आणि मी काय करावे?

सस्नेह नमस्कार.

तुमची इच्छा मला पूर्णपणे योग्य वाटते, आणि ती तुम्ही घरात ज्या संकोचाने मांडलेली दिसते तो संकोच मनातून काढून टाकावा असे मला सर्वांत आधी सांगावेसे वाटते. वर्षानुवर्षे नियमाने अभ्यास करणाऱ्या व्यक्तीला काही दिवस सलग, विनाव्यत्यय बसावेसे वाटणे हा अभ्यासाचाच एक टप्पा आहे. पती म्हणतात तसे घरातच दार लावून बसणे दोन खोल्यांच्या घरात शक्य नसते, हे त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तेव्हा जायचे की नाही हा माझ्या मते प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कधी, कुठे आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे कोणाच्या देखरेखीखाली हा. कारण तुम्ही विचारलेल्या जागांपैकी एकीतही तुमच्यावर लक्ष ठेवणारे जाणते माणूस आहे असे तुमच्या पत्रावरून दिसत नाही.

जागेविषयी बोलण्याआधी तुमच्या पत्रातल्या चार ओळींवर मला थांबावे लागणार आहे. पाठीतली ऊब, मुंग्या, चार तासांची झोप आणि तरीही न जाणवणारा थकवा यांचा उल्लेख तुम्ही प्रगतीच्या खुणा म्हणून केला आहे. त्या तशा असूही शकतात. परंतु यांतल्या प्रत्येक गोष्टीला शरीराच्या पातळीवरचे साधे कारणही असू शकते, आणि ते आधी तपासल्याशिवाय त्यांना आध्यात्मिक अर्थ देणे धोक्याचे आहे. भस्त्रिकेसारख्या जलद श्वसनात रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, रक्त किंचित अल्कधर्मी होते आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात; परिणामी डोके हलके होते आणि नेमक्या बोटांच्या टोकांना व ओठांभोवती मुंग्या येतात. ज्याने कधी ध्यान केलेले नाही अशा माणसालाही घाबरून भराभर श्वास घेतल्यावर हेच होते. ऊब अचानक पाठीतून किंवा छातीतून चढते आणि रात्री झोपमोड होते, ही सत्तेचाळिसाव्या वर्षी रजोनिवृत्तीच्या काळाचीही ओळखीची लक्षणे आहेत. थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करू लागली तरी उष्णता, धडधड आणि निद्रानाश असे सारे एकत्र येते. म्हणून या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर व रक्तदाब तपासून घ्या. कुंभक करणाऱ्याला आपला रक्तदाब माहीत नसावा हे मला कधीच पटलेले नाही.

झोपेविषयी मी अधिक काळजीने लिहितो. झोप न लागल्याने दिवसभर गळून जाणे वेगळे, आणि झोप कमी होऊनही भरपूर उत्साह वाटणे वेगळे. ही दुसरी स्थिती मानसोपचारतज्ज्ञ गांभीर्याने घेतात, कारण ज्यांच्यात उन्मादाच्या झटक्याची प्रवृत्ती असते त्यांच्यात तो झटका अनेकदा असाच सुरू होतो, आणि अपुरी झोप त्याला आणखी चालना देते. तुम्हाला तसे काही झाले आहे असे मी म्हणत नाही, पत्रावरून ते कोणालाही म्हणता येणार नाही. मात्र तुम्हाला किंवा माहेरच्या जवळच्या नात्यात कोणाला पूर्वी असा आजार झाला असेल, तर दीर्घ मौन आणि पहाटे तीनपासूनची साधना असलेल्या शिबिरात डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पाऊलही ठेवू नका. विचार फार वेगाने धावू लागले, इतरांना न ऐकू येणारे आवाज ऐकू आले किंवा आपल्यावर काही विशेष कार्य सोपवले गेले आहे असे ठामपणे वाटू लागले, तर सर्व साधना त्याच दिवशी थांबवा आणि घरच्यांना सांगा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतून बोलता येते.

असे धोके आधुनिक डॉक्टरांनीच शोधून काढले असे नाही. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच वायूही हळूहळू वश करावा, नाहीतर तो साधकाचाच घात करतो. कुंभकाच्या अभ्यासाच्या सुरुवातीला दूध आणि तूप घ्यावे असेही त्याच ग्रंथात आहे. तुम्ही मात्र कुंभक वाढवत नेला आणि रात्रीचे जेवण बंद केले. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात फार खाणाऱ्याला आणि अजिबात न खाणाऱ्याला, फार झोपणाऱ्याला आणि जागरण करणाऱ्याला योग साधत नाही असे म्हटले आहे, ते तुम्ही शाळेतल्या मुलांनाही सांगितले असेल. चिनी परंपरेतही ची कुंग चुकीच्या रीतीने किंवा मार्गदर्शकाविना केल्यास मन भरकटते याची जाणीव जुनी आहे, आणि अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत ची कुंगशी निगडित मनोविकाराच्या अवस्थेची स्वतंत्र नोंद केलेली होती. त्या पद्धतीत प्रत्येक बैठकीच्या शेवटी ऊर्जा नाभीच्या खाली आणून तिथे स्थिर करण्याचा दंडक आहे. व्हिडिओत बहुधा वर नेण्याचा भाग रंगवून सांगितला जातो आणि शेवटच्या या शांत मिनिटांना कात्री लागते. शिवाय तुम्ही दोन परंपरा एकाच बैठकीत मिसळत आहात. एकीत प्राण सुषुम्नेतून, म्हणजे कण्यातल्या मधल्या नाडीतून, मस्तकाकडे न्यायचा आहे, दुसरीत तो पुढून उतरवून वर्तुळ पूर्ण करायचे आहे. दोन्ही आपापल्या जागी परिपूर्ण असतील, परंतु त्यांची सरमिसळ कोणत्याच गुरूने तपासून दिलेली नाही, आणि काही बिघडले तर ते कशामुळे बिघडले हे सांगणाराही कोणी नाही.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा की तपासण्या होऊन झोप किमान सहा-सात तासांवर येईपर्यंत भस्त्रिका, कुंभक आणि कण्यातून ऊर्जा फिरवण्याची क्रिया पूर्ण बंद ठेवा. रात्रीचे साधे गरम जेवण पुन्हा सुरू करा. वरण-भात, तूप आणि एखादी भाजी पुरे. या काळात नैसर्गिक श्वासाकडे वीस मिनिटे नुसते लक्ष देणे, संध्याकाळी चालणे आणि झोपण्यापूर्वी शवासन एवढेच करावे. अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर हे फारच प्राथमिक वाटेल, हे मी समजू शकतो. तरीही दादरच्या तुमच्या शिक्षकांनी या परिस्थितीत वेगळे काही सांगितले असते असे मला वाटत नाही.

आता जागेकडे वळू. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, जिथे कुंडलिनीचे ते विलक्षण वर्णन येते, त्याच्या आधी माउलींनी योगाभ्यासाच्या स्थळाचे सविस्तर वर्णन केले आहे. तिथे बसले की उठावेसे वाटू नये, पाहताच वैराग्य दुणावावे, पावलोपावली पाणी असावे, ऊन कोवळे आणि वारा मंद असावा, एखादा आडबाजूचा मठ किंवा शिवालय असावे. याच वर्णनात आणखी एक अट आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते: ती जागा साधकांच्या वस्तीची असावी, मात्र इतर लोकांच्या पायरवाने ती मळू नये. म्हणजे वर्दळ नको, पण माणसे हवीत, आणि ती त्याच वाटेवरची हवीत. हठप्रदीपिकेत साधकाची कुटी कशी असावी हे सांगताना ती चांगल्या राज्यात, धार्मिक प्रदेशात, जिथे भिक्षा सहज मिळते आणि उपद्रव नाही अशा ठिकाणी असावी असे आरंभीच म्हटले आहे. दार लहान, खिडकी नाही, जमीन शेणाने सारवलेली वगैरे तपशील त्यानंतर येतात. जेवणाची आणि सुरक्षिततेची सोय हा एकांताचा पाया आहे, हे त्या लोकांना नीट ठाऊक होते.

याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. सहलीला आलेली मंडळी बहुधा तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचे दालन, पाहून परत फिरतात. तुम्ही एखाद्या सकाळी वर, डोंगराच्या अंगाला चढत जा आणि लहान लेण्यांपैकी कोणत्याही एकीत थोडा वेळ बसा. समोर छोटा ओटा, आत एका माणसाला पुरेल अशी खोली, खोलीच्या भिंतीत कोरून काढलेला दगडी बाक, आणि दाराजवळ पाण्याचे टाके, ज्यात डोंगरावरून खोदलेल्या पन्हळीतून पावसाचे पाणी येऊन साठते. एका भिक्षूच्या गरजेपुरतेच सारे आहे. पण त्या खोलीतून बाहेर येऊन पाहिले की पाच-पंचवीस पावलांवर दुसऱ्याची तशीच खोली दिसते, पायऱ्यांनी सगळी लेणी एकमेकांना जोडलेली दिसतात आणि एकत्र जमण्याची दालनेही दिसतात. तिथल्या शिलालेखांत कल्याण आणि सोपारा इथल्या दात्यांची नावे आहेत. व्यापाऱ्यांच्या दानावर ती वस्ती शतकानुशतके टिकली. प्रत्येकाचा एकांत स्वतंत्र होता, तरी आजारी पडणाऱ्याची विचारपूस करणारे शेजारी होते आणि चुकणाऱ्याला सांगणारे ज्येष्ठ होते. मी तुम्हाला कान्हेरीला राहायला सांगत नाही, ते संरक्षित स्मारक असून तिथे मुक्काम करता येत नाही आणि भोवतीच्या जंगलात बिबटे आहेत. मात्र एक सकाळ तिथे घालवावी असे मी मनापासून सुचवतो. सोमवार सोडून जावे, कारण त्या दिवशी उद्यान बंद असते. साधनेची जागा कशी असावी हे तिथे जितके चटकन कळते तितके माझ्या पत्राने कळणार नाही.

या कसोटीवर मुरबाडचे फार्महाऊस उतरत नाही. झाडी असेल, शांतताही असेल. परंतु तीन आठवडे एकट्या बाईने, एका अनोळखी राखणदाराच्या भरवशावर, मेच्या उन्हात, सर्पदंश झाला तर किंवा रात्री छातीत धडधडू लागले तर दवाखाना किती दूर आहे हे माहीत नसताना राहायचे, यात साधनेला पोषक असे काही नाही. पुरुषालाही मी हेच सांगितले असते. सतत सावध राहावे लागणाऱ्या जागी प्राण स्थिर होत नाही. जाता जाता आणखी एक, कारण पत्रात तुम्ही स्वतःचा छोटा प्लॉट घेण्याचा विचारही ओझरता लिहिला आहे: महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सहजासहजी नावावर करता येत नाही, आणि फार्महाऊस प्लॉट म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक तुकड्यांचा सातबारा स्वतंत्र नसतो. निवृत्तीची पुंजी त्यात अडकवण्याआधी वकिलाला कागद दाखवावेत.

कर्जतच्या शिबिराविषयी माझे मत अधिक कडक आहे. आयोजकांना मी ओळखत नाही, त्यामुळे त्यांच्या हेतूविषयी काही बोलणार नाही. तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रकातून जे दिसते तेवढ्यावरच बोलतो. कुंडलिनी जागृत होण्याची हमी आणि तीही ठरावीक दिवसांत देणे, ही गोष्ट कोणत्याही जुन्या परंपरेत बसत नाही. ज्ञानेश्वरांना हा मार्ग निवृत्तिनाथांकडून आणि निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडून मिळाला, आणि गुरूने शिष्याला पारखून घेतल्यावर मिळाला. आगाऊ रक्कम भरणाऱ्या प्रत्येकाला मिळाला नाही. माहितीपत्रकात आरोग्याविषयी एकही प्रश्न विचारलेला नाही, हे मला सर्वांत जास्त खटकले. मार्गदर्शक स्वतः कोणाकडे शिकले, मध्येच परत यावेसे वाटले तर लगेच येता येईल का, जमा केलेला फोन मागितल्यावर मिळेल का, चालू औषधे बंद करायला सांगतात का, स्त्री साधकांसाठी स्त्री मार्गदर्शक आहे का आणि रात्री-अपरात्री एकटीला दीक्षेसाठी बोलावतात का, हे प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरेही लेखीच मागा. शेवटच्या प्रश्नाला राग आला तर पुढे बोलणेच नको. अलौकिक शक्तीचा दावा करून फसवणूक किंवा शोषण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या. उत्तरे समाधानकारक आली तरीसुद्धा, तुमची झोप आजच्यासारखी असताना या मे महिन्यात तिथे जाऊ नये असेच मी सांगेन.

मग जावे कुठे? माझ्या मते तुमच्यासाठी या सुट्टीत सर्वांत योग्य जागा लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली ती स्थापन केली, आणि प्राणायामाचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे उपकरणांनी मोजून पाहण्याचे काम त्यांनी तिथे पुढे नेले. हठप्रदीपिकेची संशोधित आवृत्तीही याच संस्थेने प्रसिद्ध केली आहे. तिथे राहून योग शिकता येतो, आरोग्याची तपासणी करणारे वैद्य असतात आणि आपल्या अभ्यासातली चूक दाखवणारे शिक्षकही मिळतात. एका आठवड्यासाठी जा. संस्था पूर्ण मौनाची नाही आणि मेमध्ये लोणावळ्यात पर्यटकांची गर्दी उसळते, म्हणून आवाराबाहेर न पडता राहावे. तिथल्या शिक्षकांना तुमच्या सर्व क्रिया, चिनी क्रियेसह, काहीही न लपवता सांगा आणि त्यातले काय ठेवायचे, काय सोडायचे हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. जाण्याआधी भेट घ्यायची असेल तर मरीन ड्राइव्हला त्यांचे मुंबईतले केंद्र आहे. सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूटही जुनी, १९१८ साली श्री योगेंद्र यांनी सुरू केलेली संस्था आहे, परंतु मुंबईच्या बाहेर पडल्याशिवाय तुमचे मन घरापासून सुटणार नाही असे पत्र वाचताना मला जाणवले.

कडक एकांत आणि मौन यांची तुमची ओढ इगतपुरीच्या धम्मगिरीत पुरी होईल. कसाऱ्याचा घाट ओलांडला की लागणारे हे विपश्यना केंद्र सत्यनारायण गोयंका यांनी १९७६ साली सुरू केले. शिबिर दहा दिवसांचे, मात्र पोहोचण्याची संध्याकाळ आणि निघण्याची सकाळ धरून बारा दिवस हाती असावे लागतात. पहाटे चारला घंटा होते, दिवसाचे मुख्य जेवण अकराला मिळते, संध्याकाळी पाचला नवीन साधकांना चहा आणि थोडे फळ किंवा मुरमुरे, आणि रात्री साडेनऊला दिवे मालवतात. फोन, पुस्तक, वही-पेन सारे आधीच जमा करावे लागते. स्त्रिया आणि पुरुष यांची राहण्याची व फिरण्याची जागा वेगळी असते, स्त्रियांसाठी स्त्री आचार्य असतात आणि रोज त्यांना प्रश्न विचारता येतात. शिकवणे, राहणे आणि जेवण यांचे शुल्क घेतले जात नाही. पूर्वी शिबिर केलेल्यांच्या दानावर सारे चालते. एकांत वेगळा आणि देखरेख अखंड, अशी ती व्यवस्था आहे, म्हणून मला ती कान्हेरीच्या जवळची वाटते.

परंतु एक गोष्ट आधीच समजून जा, नाहीतर निराशा होईल. त्या दहा दिवसांत प्राणायाम, मंत्रजप किंवा ऊर्जेची कोणतीही क्रिया करता येत नाही. आपल्या सर्व जुन्या साधना बाजूला ठेवण्याचे वचन प्रवेशाच्या वेळी घेतले जाते आणि ते मनापासून पाळायचे असते. पहिले तीन दिवस नैसर्गिक श्वास पाहायचा, त्यानंतर शरीरावरच्या संवेदना काहीही न बदलता पाहायच्या. पाठीत ऊब आली तर ती वर न्यायची नाही, तिच्यावर खूश व्हायचे नाही आणि घाबरायचेही नाही. तुमच्या आजच्या स्थितीत मला हेच शिक्षण सर्वांत मोलाचे वाटते. अर्ज भरताना मानसिक आरोग्याविषयी प्रश्न विचारले जातात. तिथे झोपेविषयी आणि चालू अभ्यासाविषयी खरे लिहा. त्यांनी काही महिने थांबा असे सांगितले तर तो अपमान समजू नये. मेची शिबिरे लवकर भरतात आणि तुमच्या बाबतीत घाईही नको. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज झाल्यावर बारा दिवस सलग उरत असतील तर तेव्हा, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात जा. एवढे दूर नको असेल तर बेलापूर, टिटवाळा आणि खडवली इथेही याच परंपरेची केंद्रे आहेत, आणि गोराईच्या पॅगोडाच्या आवारातही शिबिरे होतात.

गणेशपुरीविषयी तुम्ही एका ओळीत विचारले आहे. भगवान नित्यानंदांची समाधी, गरम पाण्याची कुंडे, तानसा नदीचा काठ. मनाला तिथे निश्चित शांत वाटते, आणि ध्यानाला बसण्यासाठी साध्या दिवशी दोन दिवस जाऊन यायला हरकत नाही. मात्र मेमध्ये तो परिसर अतिशय तापतो आणि अंगात आधीच उष्णता असताना गरम कुंडाच्या गावी तीन आठवडे राहणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

घरच्या मंडळींशी कसे बोलावे याविषयीही थोडे. पतींच्या म्हणण्यातला काळजीचा भाग खरा आहे आणि तो त्यांच्यासमोर मान्य करा. तपासण्यांना त्यांना बरोबर न्या आणि झोपेविषयी डॉक्टरांनी सांगितलेले त्यांच्या कानावर पडू द्या. त्यानंतर लोणावळ्याच्या आठवड्याची तारीख त्यांना सांगा. परवानगी मागण्याच्या सुरात नको. संस्थेचा फोन क्रमांक घरी लिहून ठेवा म्हणजे सासूबाईंचीही चिंता मिटेल. बारावी झालेल्या मुलाला आठवडाभर कुकर लावता येतो, आणि येत नसेल तर शिकण्याचे त्याचे वय झाले आहे. ज्या बाईने पंचवीस माणसांचे सण एकटीने निभावले तिने स्वतःसाठी सात दिवस मागितले तर घर मोडून पडत नाही, आणि हे तुम्ही स्वतःला आधी पटवून द्यायला हवे.

तोपर्यंत घरातली व्यवस्थाही थोडी बदलता येईल. सकाळी साडेपाच ते सहा ही वेळ तुमची, आणि त्या वेळात स्वयंपाकघराचा दिवा कोणी लावायचा नाही, एवढे एकच बंधन घरात घाला. रात्री दहाला झोपल्याने झोपही पुरी होईल. बसण्याची जागा रोज तीच ठेवा. रविवारी अर्धा दिवस मौन आणि फोन बंद ठेवून पाहा. दीर्घ मौनात मन कसे वागते याची कल्पना त्यातून येते, आणि घरच्यांनाही सवय होते. प्राणायामासाठी समोरासमोर शिकवणारे माणूस हवे असेल तर ठाण्याच्या अंबिका योग कुटीरचे विनामूल्य वर्ग तुम्हाला भांडुपहून जवळ पडतील. आठवड्यातून एकदा कोणी आपला श्वास पाहणारे असणे, हे हजार व्हिडिओंपेक्षा उपयोगाचे आहे.

लोणावळ्याहून परत येताना शाळेचे काम सुरू होण्याआधी दोन दिवस मोकळे ठेवा. सलग शांततेनंतर आवाज आणि गर्दी अंगावर येतात, चिडचिड होते, रडूही येते; ते दोन-तीन दिवसांत ओसरते. परतल्यावर पहिला आठवडा रोज तीस मिनिटांच्या वर बसू नका आणि झोपेच्या वेळा वहीत लिहून ठेवा. सलग महिनाभर झोप पुरी झाली, तपासण्यांचे अहवाल नीट आले आणि शिक्षकांनी होकार दिला, तर कुंभक पुन्हा सुरू करा. तोही त्यांच्यासमोर, त्यांनी सांगितलेल्या मोजणीने आणि पोटभर जेवणाच्या दिनक्रमासह. ची कुंगची क्रिया करायचीच असेल तर ती पूर्ण वेगळी ठेवून, ती परंपरा प्रत्यक्ष शिकलेल्या माणसाकडूनच पुन्हा पहिल्यापासून शिका.